मास्तरांचं खातं

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या बाबतीत घडलंय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

रविवार. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. नकाशे छापणाऱ्या एका कंपनीचा दुसरा मजला. सुट्टीमुळे सगळीकडे शुकशुकाट.

ताई तिथले लिनक्स सर्व्हर सांभाळायची. हे काम तिला तिथल्याच एका जुन्या, जाणत्या सहकाऱ्याने शिकवलं; सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तीन आठवड्यांपूर्वी मास्तर सर्व्हरच्या खोलीतच, कीबोर्डवर डोकं टेकून गेले. आता त्यांचं सर्व्हरवरचं खातं पुसायचं काम तिच्याकडे आलं होतं. हात धजत नव्हता.

खातं पुसण्याआधी त्यात कोणी काम करत नाही ना ते बघायचं, ही मास्तरांचीच शिकवण. तिने who टाइप केलं. सिस्टममध्ये कोणकोण आहे, ते ही कमांड सांगते.

दोन नावं आली...

एक तिचं.

दुसरं मास्तरांचं. सर्व्हरच्या खोलीतल्या कीबोर्डवरून.

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. तिने खाली वॉचमनला फोन लावला. "मामा, सर्व्हरच्या खोलीत कोणाला सोडलंत?"

"कोणाला सोडणार? किल्ली माझ्या कमरेला आहे, मॅडम."

ती उठली. त्या खोलीच्या दाराला कान लावला.

टक... टक टक...

मग एंटरचा जड आवाज.

वॉचमन धापा टाकत वर आला. कुलूप काढलं. आत चिटपाखरूही नव्हतं. स्क्रीनवर मात्र वरपासून खालपर्यंत...

pwd

pwd

pwd

"काय लिहिलंय हे?" वॉचमनने विचारलं.

ताईने एका ओळीवर बोट ठेवलं. "मी कुठे आहे, असं विचारलंय."

या प्रश्नाला मशीन उत्तर देतंच. इथे मात्र प्रत्येक प्रश्नाखालची ओळ कोरी होती.

ताईला रडू फुटलं. "मास्तर, निघा आता," एवढंच ती म्हणाली. वॉचमनने तिच्यासमोर पुन्हा कुलूप घातलं. जागेवर येऊन तिने मन घट्ट केलं, मास्तरांचं लॉगिन तोडलं आणि खातं पुसून टाकलं.

खात्रीसाठी पुन्हा who.

मास्तरांचं नाव गेलं होतं.

पण ओळी अजून दोनच होत्या...

दोन्हींत ताईचंच नाव. एक तिच्या टेबलावरून.

दुसरं त्या बंद खोलीतून.

त्याच आठवड्यात ताईने नोकरी सोडली. तिचं खातं तिथे नंतर कोणी पुसलं का, हे विचारायला अजून तिची जीभ रेटत नाही.

मीही विषय काढत नाही.