ओढणीची उलटी बाजू

हातात बाभळीचा फोक घेऊन हंसा चोर पकडायला निघाली होती. नाल्याकाठच्या कुंपणावर तिनं आपली ओढणी वाळत घातली होती, आणि पायजमा-शर्टातला कुणी एक पोरगा गेला अर्धा तास त्या ओढणीसमोर उकिडवा बसला होता. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ चाललेला. सर आली की तो छातीशी काहीतरी लपवी आणि ऊन पडलं की पुन्हा मान वर करून बघत बसे.

"काय करून राह्यला रे तिथं?"

पोरगा दचकला. "चित्र काढून राह्यलो."

"मंग माह्या ओढणीवर काहून डोळा?"

"चित्र... तिचंच हाय."

हंसानं वहीत डोकावून पाहिलं. नुसत्या पेन्सिलीच्या रेघोट्या! "हे ओढणी? हे तं कोंबडीनं उकरलं."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण तो हसला. पापण्यांवरचं पावसाचं पाणी त्यानं बाहीनं पुसलं आणि म्हणाला, "रंग भरले का मंग पाह्यजो. हे तूच भरली काय? सरांनी दोन वर्षं शिकवलेलं सारं इसरलो मी, हे दोरे पाहून."

झालं. फोक कधी खाली गेला ते हंसाचं तिलाच कळलं नाही.

हंसा म्हणजे बोरी अरबजवळच्या तांड्यातल्या लालसिंगची मुलगी. वय अठरा, जीभ तिखट, आणि हात असा की तिच्या भरतकामाकडे पाहून म्हाताऱ्या बायाही माना डोलवत. पोरगा नेमसिंग. त्याचा बाप दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये चौकीदार. आई तो तान्हा असतानाच गेलेली. म्हणून जातीनं बंजारा असला तरी तांडा त्याला पाहुण्यासारखाच होता. बंजाऱ्यांची गोरबोली त्याला समजे, पण बोलताना अडखळे. नागपूरला चित्रकलेच्या शाळेत शिकत होता आणि सुटीत तांड्यातल्या मावशीकडे आला होता.

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्टची. त्यानंतर प्रत्येक सुटीत त्याला मावशीची फारच आठवण येऊ लागली.

प्रत्येक खेपेला त्याच्या काखोटीला नवंच खूळ असे. आधी शाळेत शिकवलेले डोंगर, नदी, झोपडी. हंसा म्हणाली, "असं क्यालेंडर आमच्या घरी हाय." तो चित्र गुंडाळून परत गेला. पुढच्या सुटीत जिनिंगमधली फाटकी पोती ताणून, त्यांवर गेरू, चुना आणि नीळ डिंकात कालवून रंगवू लागला. एकदा चित्रातल्या सूर्यावर खरा कापूस चिकटवला तर मुंग्यांनी डिंकासकट सूर्य खाल्ला. हंसा पोट धरून हसली, आणि मग घरातली राख आणून चित्राभोवती रिंगण घालून बसली. तिच्या तोंडून नुसतं "बरं हाय" ऐकायला त्याला दीड वर्ष लागलं. त्या दिवशी तो नाल्याच्या पाण्यातून उड्या मारत गेला.

तो तिला आवडत होता. उगाच आडपडदा कशाला? एवढं हसूनही न चिडणारा, पुन्हा नव्यानं सुरू करणारा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

ओढणीचं चित्र मात्र तो दाखवेना. "पुरं होऊ दे," एवढंच म्हणे.

पुरं झालं ते चौसष्टच्या जानेवारीत. यवतमाळच्या एका शाळेच्या हॉलात जिल्ह्यातल्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं आणि नेमसिंगच्या चित्राला पहिला नंबर मिळाला. चित्र पुढे मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. लालसिंगचं त्याच दिवशी कचेरीत काम होतं, म्हणून हंसा आणि तिची याडी, म्हणजे आई, धुरपताबाईही एसटीत बसल्या.

हॉलात कोटवाले, चष्मेवाले लोक चित्रासमोर गर्दी करून उभे होते. "काय मोकळी रेषा आहे!" एक जण म्हणाला. "या गाठी बघा... हे मध्येच तुटणारे, उड्या मारणारे धागे. किती नवं!" नेमसिंग बाजूला उभा होता, नवा सदरा घातलेला, कानांपर्यंत लाल झालेला.

हंसानं टाचा उंचावल्या. तिचीच ओढणी होती. पण या गाठी कसल्या? आणि एकाएकी तिच्या डोक्यात उजेड पडला. भरतकामाचे रंग उन्हात विटू नयेत म्हणून कापड उलटं करून वाळत घालायचं, हे तांड्यातली शेंबडी पोरगीही जाणते. आईवाचून वाढलेल्या या शहाण्याला ते कोण सांगणार! त्यानं ती उलटी बाजूच, गाठ न् गाठ मोजून, जीव ओतून रंगवली होती.

हंसाला हसू आवरेना. "अरे देवा, हे तं उलटं हाय!"

चष्मे तिच्याकडे वळले, मग चित्राकडे, मग नेमसिंगकडे. कुणीतरी खोकलं. नेमसिंगचा चेहरा पांढराफटक पडला. तो वळला आणि दाराबाहेर निघून गेला.

परतीच्या एसटीत हंसा खिडकीला डोकं टेकून बसली होती. चार लोकांत आपण त्याचं नाक कापलं. त्याची अडीच वर्षांची मेहनत, आणि आपलं एक हसू! त्यात पुढच्या बाकावरून बाप सांगत होता, "इतवारी पांढरकवड्याचे पाहुणे येऊन राह्यले, पोरीले पाहाले." आता नेमसिंग कशाला येतोय? तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पदरानं पुसलेही नाहीत.

पण दुसऱ्याच दिवशी सकाळी तो आला. तडक धुरपताबाईंसमोर जाऊन बसला. "काकू, मले सुई धराले शिकवा."

तांड्यात एकच हशा उसळला. भर दिवसा, लिंबाखाली, एक दाढी फुटलेला पोरगा बायकांमध्ये बसून टाके घालतोय! तांड्याचे प्रमुख धावजी नाईक मुद्दाम थांबले. "काय रे मास्तर, आमच्या बैलाले झूल शिवतं काय?"

"शिवीन काका. बैलाले तेवढं उभं राहा म्हना."

तीन दिवस तो शिकला. बोटं टोचून घेतली, दोरे गुंतवले, पुन्हा उसवले. हंसा दारातून बघत होती, पण पुढे व्हायचा धीर होत नव्हता. शनिवारी दुपारी तो नव्या पोत्यावरचं चित्र घेऊन नाल्याकाठी आला. ओढणीची सुलटी बाजू होती. टाका न् टाका बरोबर.

"पाह्य. सोमवारी मुंबईले पेटी जाते. हे पाठवू?"

हंसानं खूप वेळ पाहिलं. खोटं बोललं तर हा आज खूश होईल, हे तिला कळत होतं.

"सुलटं हाय," ती हळूच म्हणाली. "पन मेलं हाय. असं तं मी भरतोच. ते उलटं... ते तुह्या डोयानं पाह्यलेलं होतं. तेच पाठव." आणि मग तिचा बांध फुटला. "मी हसाले नोको होती रे. तुही इज्जत गेली माह्यापायी."

"तू हसली तवा वाटलं, जमीन फाटावं अन् मी आत जावं." तो खाली बघत बोलला. "मंग ध्यानात आलं. हॉलात शंभर मानसं होती, पन चित्र पाह्यलं ते एकटीनं. तू. वाहवा सारेच करतीन हंसा... खरं सांगनारं कोनी तरी जवयचं पायजे."

"किती जवयचं?" डोळे ओले होते, तरी ओठाच्या कोपऱ्यात खट्याळपणा आलाच.

"घरातलं."

नाल्याचं पाणी खळखळत होतं. हंसानं मान वळवली. "मंग मले काय सांगतं? माह्या बाले सांग. उद्या इतवार हाय."

तो तसाच उठला. लालसिंग ओसरीवर दोर वळत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोर काही थांबवला नाही. "चित्रानं पोट भरते काय रे?"

"जूनपासून दारव्ह्याच्या शायेत ड्रॉइंग मास्तर हावो. हुकूम आला."

"अन् हे पोट्टी चार लोकांत हसली तुह्यावर."

"हसली, म्हूनच तं आलो."

लालसिंगनं आता कुठे दोर खाली ठेवला. "हंसे, बाहीर ये. पाहुन्यायले मी काय सांगू?"

यवतमाळच्या भरल्या हॉलात जिची वाचा गेली नव्हती, तिची इथे तीन माणसांत गेली. याडी चुलीपासून उठून दारात आली. हंसानं चौकट घट्ट धरली.

"त्यायले सांगा," ती म्हणाली, "पोरीले याचे चित्र पाहाचे हायेत... जलमभर."

लालसिंगनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "अव, गूळ काढ." तांड्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. धुरपताबाई वळल्या, पण त्यांच्या आधी हंसा डब्यापाशी पोचली होती.