पंचेचाळीस ग्रॅमची आई

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हवी तर पैज लावा. काटेमास्तरांचा उजवा तळहात कधी खोटं बोलत नसे. टपालकचेरीत छत्तीस वर्षं पार्सलं तोलून त्या हाताला अशी जाण आली होती, की पाकीट पडायचा अवकाश, आकडा तोंडातून बाहेर. एकदा म्हणे त्यांनी एक प्रेमपत्र खिडकीतून परत केलं, तिकीट कमी पडतंय म्हणून. पाठवणारा भडकला. काट्यावर घातलं, तर खरंच जास्त भरलं. पाकिटात एक केस निघाला. लांब होता, हे मान्य केलं पाहिजे.

तर असे हे काटेमास्तर त्या दिवशी सकाळी अकरा वाजता हेडमास्तरांच्या दिवाणखान्यात शेवटच्या खुर्चीवर पेंगत होते, आणि पुढच्या रांगेतून आक्का ओरडली.

"मी मेले का रे? मला सांग तरी, म्हणजे माझी मी उठून जाते!"

चाळीस माणसांनी माना वळवल्या. सगळी एकमेकांची नातेवाईक, आणि निम्मी एकमेकांना आज पहिल्यांदा बघत होती. ही किमया हेडमास्तरांची. निवृत्त झाल्यापासून सहा वर्षं त्यांनी जुनी दप्तरं चाळली, शाळांचे पट तपासले, नाव-गाव सोडून गेलेल्या शाखांना पत्रं लिहिली आणि घराण्याची वंशावळ उभी केली. आज तिचा छापील तक्ता सगळ्यांना वाटला जात होता.

आक्काच्या हातात तोच तक्ता होता. त्यावर तीन भावंडांच्या तीन फांद्या. पहिली होडीवाल्या आजोबांची, म्हणजे हेडमास्तरांच्या वडिलांची. दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. तिसरी बहिणीची, म्हणजे आक्काच्या आईची. पहिल्या दोन फांद्या नावांनी लगडल्या होत्या. तिसरीवर एक नाव आणि खाली तीन शब्द. माहिती उपलब्ध नाही.

"बहात्तर वर्षांची माहिती तुझ्यासमोर खुर्चीवर बसलीय," आक्का म्हणाली. "उपलब्ध नाही?"

"आक्का, चिडू नकोस," हेडमास्तर म्हणाले. शाळेतला आवाज अजून तस्साच होता. "तुझं पान मला मिळालंच नाही. छपाईची तारीख दिलेली. मी काय करणार?"

"पान मी पाठवलंय! आईच्या फोटोसकट! एकुलता एक फोटो!"

आता काटेमास्तर पुरते जागे झाले. ते आक्काच्या नवऱ्याचे चुलतभाऊ. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण प्रवासात सामान उचलायला भावजी लागतातच. सकाळी बसमधून उतरताना आक्कानं पिशवी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी डोळे मिटून सांगितलं होतं, "साडेतीन किलो, वहिनी." ती पिशवी निघताना सामानाच्या काट्यावर सहा किलो भरली होती. आक्कानं राग पुढच्यासाठी राखून ठेवला होता.

"वहिनी, बसा," काटेमास्तर पुढे येत म्हणाले. "हेडमास्तर, ती वही दाखवता?"

वही म्हणजे दोरीनं बांधलेली सुटी पानं. पद्धत हेडमास्तरांनीच घालून दिली होती. वही एका जाड कापडी पिशवीत घालून त्यांनी टपालानं आक्काकडे पाठवायची. आक्कानं आपल्या शाखेची पानं घालून दुसऱ्या फांदीवरच्या दंतवैद्याकडे. त्यानं आपली घालून आपल्या बहिणीकडे. तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आणि तिनं परत हेडमास्तरांकडे. कोऱ्या कागदांचा गठ्ठाही प्रत्येकाला त्यांनीच आगाऊ पाठवलेला, सगळ्यांना एकच.

वहीत आक्काचं पान नव्हतं.

"पिशवी कुठाय?"

"पिशवी कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "ती काय तिथं, खुंटीला."

काटेमास्तरांनी पिशवी मांडीवर पसरली. तिच्यावर पत्त्याच्या चार पट्ट्या एकमेकींशेजारी चिकटवलेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात टपालाच्या खिडकीवरच्या माणसानं शाईनं लिहिलेलं वजन. हेडमास्तरांकडून निघताना सहाशे दहा ग्रॅम. आक्काकडून सहाशे पंचावन्न. दंतवैद्याकडून सहाशे पंचाहत्तर. घड्याळवालीकडून सहाशे नव्वद. जुनी सवय, आकडा दिसला की नजर अडखळायचीच. त्यांनी पिशवीची घडी केली आणि दंतवैद्याकडे वळले.

"डॉक्टर, वही तुमच्याकडे आली तेव्हा आक्काचं पान होतं?"

"मला नाही आठवत."

"पाहिलंत तरी?"

"अहो, दवाखान्यात माणसं तोंड उघडून बसलेली असतात. मी माझी चार पानं घातली नि पाठवून दिली."

"हेच! हेच!" हेडमास्तर टेबलावर हात आपटत म्हणाले. "पान याच्याकडेच गळालं. लग्नाच्या आमंत्रणावरून आक्काशी याचं वाजलं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे."

"दादा, मी दात काढतो, पानं नाही!" दंतवैद्य ताडकन उठला. "पुन्हा बोल बघू!"

"आधी बसा," काटेमास्तर म्हणाले. "ताई, तुम्ही?"

घड्याळवालीनं चष्मा कपाळावर सरकवला. "माझी तीन पानं. फोटो नाही, काही नाही. घातली आणि पिशवीचं तोंड शिवलं. आधीची पानं मी चाळली नाहीत, खोटं कशाला बोलू?"

"वहिनी, तुमचं?"

"एक पान आणि फोटो. जुना, जाड पुठ्ठ्यावरचा. पुराच्या वेळचा. आई होडीत बसलीय, मामा मागे काठावर उभा आहे, अंगभर चादर घेऊन. पाठीमागे फोटोवाल्याचा शिक्का आणि तारीख." आक्का काटेमास्तरांकडे वळली. "तिचा चेहरा मला दुसरीकडे कुठेच बघायला मिळत नाही हो, भावजी."

समोरच्या भिंतीवर होडीवाल्या आजोबांची भली मोठी तसबीर होती. खाली काचेत पितळी पदक: पुरात एकट्यानं होडी हाकून नऊ जीव वाचवल्याबद्दल. ही कथा घराण्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. काटेमास्तरांनी तसबिरीकडे पाहिलं. खालून ती भिंतीपासून बोटभर पुढे आली होती, जेवून पोट सुटलेल्या माणसासारखी.

"हेडमास्तर, पिशवी तुमच्याकडे आली तेव्हा शिवण कशी होती?"

"शाबूत. घड्याळवालीचे टाके, पट्टी लावून मोजावेत असे. मी स्वतः उसवली. या घरात वहीला दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही."

"आणि तेव्हाच पान नव्हतं?"

"नव्हतं. आधीच कुणीतरी काढलेलं असणार."

"मग वहिनींना फोन का नाही केलात?"

"घाईत राहून गेलं."

"सहा वर्षांत चौथ्या पिढीचा मेव्हणा शोधून काढलात, आणि एक फोन राहून गेला?"

कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तरांचे कान तापले. "तुम्ही या घराण्यातले नाही. तुम्हाला काय अधिकार?"

"अधिकार माझा आहे," आक्का म्हणाली, "आणि मी तो यांना दिलाय. विचारा, भावजी."

"विचारून झालं," काटेमास्तर म्हणाले. "आता तोलायचं."

हेडमास्तरांनी सकाळी वहीत वर ठेवलेला छापील तक्ता त्यांनी बाजूला काढला, वही पिशवीत घातली, पिशवी उजव्या तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. अख्खा दिवाणखाना मान पुढे काढून बसला. तळहात खाली गेला, वर आला, किंचित थरथरला. बऱ्याच जणांचं म्हणणं, त्या वेळी खोलीतला पंखासुद्धा थांबला होता.

"सहाशे पंचेचाळीस."

स्वयंपाकघरातला काटा आला. पिशवी वर ठेवली. काट्यावर आकडा लुकलुकला आणि स्थिर झाला.

सहाशे पंचेचाळीस.

"बाप रे!" दंतवैद्य म्हणाला.

काटेमास्तर हसले नाहीत. त्यांनी पिशवीची चौथी पट्टी वर धरली.

"हे घड्याळवाल्या ताईंच्या गावच्या खिडकीवरचं वजन. सहाशे नव्वद. म्हणजे इथं आल्यावर वही पंचेचाळीस ग्रॅमनं रोडावली. आता ही पहिली पट्टी आणि ही दुसरी. वही वहिनींकडे गेली सहाशे दहा, निघाली सहाशे पंचावन्न. वहिनींचं पान आणि फोटो, दोन्ही मिळून पंचेचाळीस. तेच पंचेचाळीस, जे आता नाहीत."

"वाटेत गेलं असेल!" हेडमास्तर म्हणाले. "टपालात काय होत नाही?"

"छत्तीस वर्षं टपालात काढलीयत, त्यामुळे हे वाक्य मी ऐकलंच नाही असं धरून चालतो. शिवण शाबूत होती, तुम्ही उसवलीत, दुसऱ्या कुणी हात लावला नाही. हे मी नाही, तुम्ही बोललात. डॉक्टरांची चार पानं, वीस ग्रॅम वाढले. ताईंची तीन, पंधरा वाढले. एका पानाला पाच, चोख हिशेब. दोन्ही घरांतून वहिनींची आई सुखरूप बाहेर पडली. हरवली ती इथं."

"मी कशाला काढू? मला काय मिळणार होतं?"

"ते फोटोलाच विचारू. टाकलात तर नसणार. तुमच्या घरात सहामाही परीक्षेच्या चिठ्ठ्यासुद्धा जपून ठेवलेल्या मघाशी पाहिल्या. ताई, ती तसबीर जरा काढता? बोटं तुमची नाजूक."

"वडिलांना हात लावायचा नाही!" हेडमास्तर किंचाळले.

पण घड्याळवाली स्टुलावर चढली होती. तसबीर उलटी टेबलावर आली. पाठीवरचा पुठ्ठा जुना, पिवळा. त्याच्या कडेची चिकटपट्टी कोरी करकरीत. ती सोलली. आतून एक पान निघालं आणि मागोमाग जाड पुठ्ठ्यावरचा फोटो.

आक्कानं तो हिसकावून घेतला. मग हेडमास्तरांच्या टेबलावरचं भिंग उचलून काटेमास्तरांनी तिच्या हाती दिलं.

"आईकडे नका बघू, वहिनी. मागे बघा. लपवण्यासारखं काही असेल तर चादरीखाली."

आक्का बघत राहिली. होडीत तिची आई, केस ओले, दोन्ही वल्ही मुठीत. काठावर मामा. चादरीच्या खालून त्याचा उजवा हात दिसत होता. बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. फोटोच्या पाठीवर तारीख होती. पदकावरची तीच.

"एवढी वर्षं," ती हळू म्हणाली, "मी फक्त तिचा चेहरा पाहिला."

मग तिनं मान वर केली, आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी आपोआप खुर्च्या मागे घेतल्या.

"एका हातानं होडी हाकली का रे माझ्या मामानं? तेही डाव्या?"

हेडमास्तर खाली बसले. "भिंगातून दिसलं," ते म्हणाले. "शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी हीच गोष्ट सांगायचो, आक्का. तीस वर्षं. मुलं टाळ्या वाजवायची. मी काय तोंड दाखवू त्यांना?"

"ते तुझं तू बघ. माझ्या आईनं नऊ माणसं ओढून काढली, आणि भावाची मान खाली जाऊ नये म्हणून मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. तो तिच्यामागे लपला, ते तिनं चालवून घेतलं. आणि तू? तू तिला उचलून त्याच्याच पाठीमागे कोंबलीस? वर पट्टी चिकटवलीस?"

"फाडवलं नाही गं."

"उपकार झाले!"

तिनं टेबलावरचे आणि लोकांच्या हातांतले तक्ते गोळा केले आणि त्यांच्यापुढे आपटले. "चाळीस आहेत. पेन घे. प्रत्येकावर तुझ्या हातानं लिही, होडी कुणी हाकली. आणि खाली माझं नाव, माझ्या मुलींची नावं. लिहून झाल्याशिवाय इथून एकही जण हलणार नाही."

हेडमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. घड्याळवालीनं पदक भिंतीवरून उतरवलं आणि परत खुर्चीवर बसलेल्या आक्काच्या मांडीवर ठेवलं.

पहिला तक्ता लिहून होईतो खोलीत पुन्हा कुजबूज सुरू झाली. माणसं काटेमास्तरांभोवती जमली. कुणी म्हणालं, हातावर घेऊन नेमके ग्रॅम, कमालच झाली. कुणी म्हणालं, यांनाही वंशावळीत टाका, घराण्याच्या जावयांकडचे का होईनात. दंतवैद्यानं पाण्यानं भरलेला तांब्या आणून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"सांगा, काटेमास्तर!"

काटेमास्तरांनी डोळे मिटले. तळहात खाली गेला, वर आला, किंचित थरथरला. "एक किलो..."

"खोटं!"

आक्का उभी राहिली होती. एका हातात फोटो, दुसऱ्यात पदक.

"हात काय सांगतोय कपाळ! सहाशे नव्वदातून पंचेचाळीस वजा केले यांनी, आकडे पिशवीवर होते. सकाळी माझी सहा किलोची पिशवी साडेतीन सांगितलीत, भावजी. आज या भिंतीवरून एक खोटं खाली उतरवलंय. त्या खिळ्याला लगेच दुसरं टांगू नका!"