शोधून सापडली नाही ती ओळ

कर्नाळ्याच्या पायवाटेवर इराची चप्पल तुटली, तेव्हा मागून आवाज आला, “माजी घाला. मना अनवानी चालायची सवय हाय.”

तो जीवन. उरणच्या मच्छीमारांच्या घरातला, बंदरात नोकरीला. त्या भेटीला आता तीन महिने झाले... आणि आज पनवेलच्या एसटी स्टँडवर त्याने तिच्या हातात चिठ्ठी ठेवली.

वल्ह्याला ठावं पानी, पान्याला किनारा
तुज्या दारी मिलंल का गो, माज्या जिवाला थारा

“कुणाचं रे?”

“माजंच. आता सांग, हो का नाय?”

‘हो’ ओठांवरच होतं. पण याच्या आधीचा कल्पेशही तिला अशाच कविता पाठवायचा, सगळ्या उचललेल्या. वर्षभर मैत्रिणी हसल्या होत्या. तिने शोधायला फोन काढला. नुसती ओळ टाकली, तर होड्या, किनारे, रिसॉर्टं... हजारो! मग तिने ओळीच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं दिली. आता हेच शब्द याच क्रमाने कुठे असले, तरच दिसणार.

एक निकाल. दोन वर्षांपूर्वीचा. हळदीचा व्हिडिओ, गोदूबाई नावाच्या कुणी बाई धवला, लग्नातलं गाणं, गातायत, खाली शब्द लिहिलेले.

“खोटारडा!”

जीवनचा चेहरा उतरला. “बहिनीच्या हळदीचा हाय तो. मीच रचला. आमच्यात धवला बायकाच गातात. बाप्यानं रचला म्हंजे सगला गाव हसंल. म्हनून गोदूबाईच्या तोंडी दिला.”

“आणि तोच मला? शिळा?”

“बहीन सासरी निंगाली तवा तिला जी भीती व्हती ना... तीच मना हाय. तुज्या दारात.”

इराने चिठ्ठी परत वाचली. तरी ती म्हणाली, “पुरावा?”

“नाय.”

उरणची गाडी लागली. जीवनने पायरीवर पाय ठेवला, वळला, तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला—

बोटानं तपासते पोर, डोल्यानं भांडते
खऱ्या-खोट्याच्या तराजूत जीव माजा टांगते

“घे. शोध.”

तिने टाईप केलं. पुढे चिन्ह, मागे चिन्ह. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं...

काहीही सापडलं नाही.

कंडक्टरने घंटी मारली.

“जीवन, उतर खाली!”

तो उतरला. “काय सापडला?”

“गोदूबाईंचा नंबर आहे?”

“ईश्वास नसंल तर ईचार तिला—”

“विचारायचं नाहीये. बोलवायचंय.” इराने मान खाली घातली. “आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत... हळदीला गाणारं कुणीच नाही रे.”