चौदा नंबरची हाक

दुपारी साडेबारा वाजता नदीकाठी साक्षीची वेळ झाली आणि चौदा नंबर सापडेना.

बायबलमधली स्थळं पाहायला निघालेली ही सव्वीस जणांची मंडळी. रोज एका स्थळावर एकाने उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे मनात दडलेलं देवाला आणि मंडळीला उघड सांगायचं, हा पाळकांचा शिरस्ता. आज बाप्तिस्म्याच्या नदीवर पाळी होती त्यांच्या थोरल्या मावशीची, म्हणजेच हजेरीतल्या चौदा नंबरची. निवृत्त नर्स, वय एकाहत्तर, गुडघे अधू, मधुमेह. सकाळचं इन्शुलिन घेतलेलं. एक वाजेपर्यंत पोटात काही गेलं नाही तर साखर उतरणार. बिस्किटं आणि फोन ठेवलेली पिशवी बसमध्ये सीटवर तशीच.

शोध नदीत सुरू झाला. आधीचं स्थळ येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराचं थडगं, जमिनीखाली खोल पायऱ्या उतरून पाहायचं. तिथून सव्वाअकराला बस निघाली तेव्हा सव्वीस नंबरांच्या हाका पडून हजेरी पुरी भरली होती आणि वाटेत बस कुठे थांबली नव्हती. म्हणजे मावशी उतरल्या त्या नदीवरच. पोलिसांची बोट पाण्यात गळ टाकत होती.

मंडळी काठावर गुडघे टेकून होती. कोर्टबाई तेवढ्या बसमध्ये परतल्या.

तीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेल्या बाई त्या. हात चालता राहावा म्हणून कानावर पडेल ते वहीत उतरवायची खोड. रोजच्या हजेऱ्यासुद्धा. लघुलिपीत शब्दाचं शुद्धलेखन नसतं, कानाला लागलेला आवाज असतो.

मावशींची हाक तर सगळ्या बसला पाठ होती. "चवदा!" त्या खणखणीत ओरडत. मागच्या सीटवरचा दातांचा डॉक्टर रोज चिडवी, "मावशी, चौदा म्हणा, चौदा!"

"आमच्या गुरुजींनी हेच पढवलंय. तू दात उपट, माझे पाढे उपटू नकोस!"

कोर्टबाईंनी आजचं पान उघडलं. मग कालचं, परवाचं. चष्मा पुसून पुन्हा आजचं. मग त्यांनी पाळकांना आणि त्यांच्या आईला बसमध्ये बोलावून घेतलं.

"हजेरी घेताना तुम्ही मान वर करता?"

"नाही," पाळक म्हणाले. "कागदावर खुणा करतो. हाक आली की खूण."

"आज थडग्यापाशी चौदाची आली?"

"आली म्हणून तर बस हलवली! बाई, ही काय उलटतपासणीची वेळ आहे? मावशी तिकडे पाण्यात..."

"पाण्यात असतील तर." त्या पाळकांच्या आईकडे वळल्या. मावशींची धाकटी बहीण. नंबर पंधरा, शेजारची सीट. "ताई शेजारी बसल्या होत्या?"

"असतील हो. त्या पायऱ्या चढून मी इतकी गळून गेले होते, बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती इथे."

"हजेरी ऐकली नाहीत?"

"झोपेत कुठली हजेरी!"

"मग पंधरा कोण म्हणालं?"

पाळकांच्या आईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"दहा हजेऱ्या उतरवल्यात मी," कोर्टबाई म्हणाल्या. "नऊंत 'चवदा' आहे. आजच्या शेवटच्या हजेरीत 'चौदा'. आणि त्याला लागून, मध्ये श्वासही न घेता, 'पंधरा'. दोन्ही हाका एकाच तोंडच्या. पाळक कागदात डोकं घालून होते, बाकीचे खिडकीतून फोटो काढत होते. इथे उतरल्यावर जो तो बाप्तिस्म्याचे पांढरे झगे घालायला पळाला. मावशी बसमध्ये चढल्याच नाहीत. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?"

"आई?" पाळक म्हणाले.

"तिची साक्ष तुला ऐकू द्यायची नव्हती." आवाज अगदी बारीक होता. "तुझे बाबा हृदय बंद पडून गेले नाहीत. इस्पितळात त्यांचं औषध एकदा देऊन झालं होतं. मी विसरून पुन्हा दिलं. तिथेच नर्स असलेल्या ताईने मला वाचवायला कागदावर दुसरंच कारण लिहिलं. आता म्हणत होती, तू सांग, नाहीतर मी सांगते. एका तासाचा प्रश्न होता रे. साक्षीची वेळ टळली की गाडी पाठवून आणणारच होते."

"आणि बोट पाण्यात उतरली तेव्हा?" कोर्टबाईंनी विचारलं.

"तेव्हा तोंडच उघडेना."

पाळकांनी आईकडे पाहिलं नाही. मावशींची पिशवी उचलली, छातीशी धरली आणि थडग्याच्या चौकीदाराला फोन लावला. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

चौकीदाराला बाई नीट आठवत होती. साडेअकराला काठी टेकत वर आली. बस नाही हे पाहून अर्धा तास बाकावर बसली. मग नदीचा रस्ता विचारला. चाळीस किलोमीटर आहे, गाडी बघा, असं त्याने बजावलं. 'आज माझी पाळी आहे,' एवढंच म्हणून ती चालू लागली.

बोट पाण्याबाहेर आली. पोलिसांच्या दोन गाड्यांनी तो रस्ता दोन्ही बाजूंनी पालथा घातला. चौथ्या किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर कामगाराने पांढऱ्या केसांच्या एका बाईला पाणी दिलं होतं. तिचे हात थरथरत होते, असं तो म्हणाला. पाणी दिलं तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती.

आता सव्वाचार वाजलेत. त्यानंतर तिला कोणी पाहिलेलं नाही.