मधल्या दिवसाची कुदळ

"आधी चपला काढ," थोंगदी म्हणाला.

"मी अनवाणीच आहे," लात्सामी म्हणाली.

"अगं, चित्रात. पहिलं चित्र चपलांचं, मग डोक्यावर टपली मारायची नाही त्याचं, मग स्कूटरचं."

मानीवोनमावशीच्या गेस्ट हाउसच्या ओट्यावर एक मोठी फळी आडवी पडली होती आणि तिच्याभोवती तीन डोकी वाकली होती. लात्सामी मावशीची भाची, तेरा वर्षांची, वर्गात इंग्रजीत पहिली. थोंगदी शेजारचा. नोय त्याची धाकटी बहीण, तिला रंगांना हात लावायची बंदी होती, म्हणून ती फक्त ब्रश धुऊन आणायची आणि मधूनमधून सल्ले द्यायची.

फळीचं कारण होते इंग्लंडहून येणारे पाहुणे. मावशी त्यांना सूचनांचा छापील कागद देत असे. ते तो अगदी मनापासून वाचत, "फार छान" म्हणत, घडी करून पुस्तकात खूण म्हणून ठेवत आणि बूट घालून देवळाच्या पायऱ्या चढत. शेवटी मावशी म्हणाली, "वाचून ज्यांना कळत नाही, त्यांना चित्रं दाखवा." नववर्षाची, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवायच्या सणाची सुट्टी होती, आणि ओट्यावर तीन मुलं फुकट बसलेली मावशीला बघवत नसत.

"विटकॉम्बआजोबांना दाखवायला हवी होती," नोय म्हणाली.

"ते दुपारच्या नावेने चालले. आणि त्यांना कशाला? ते चपला काढतात."

ते खरं होतं. विटकॉम्बआजोबा म्हणजे मावशीच्या जमेच्या बाजूचे पाहुणे. इंग्लंडात जन्मभर पोस्टमन, आता पक्षी बघत फिरायचे. ताटातला चिकट भात हाताने गोळा करून खायचे आणि भेटेल त्याला, बदकांनाही, हात जोडून नमस्कार करायचे. आता नदीच्या वरच्या अंगाला, जिथे फोन लागत नाही अशा पाड्यांवर, त्यांना पंधरा दिवस काढायचे होते.

नोय ब्रश धुवायला मागे, शेजारच्या बुनथानकाकांच्या कुंपणाजवळ, गेली आणि लगेच परत आली. ब्रश तसाच निळा होता.

"बुनथानकाकांच्या कुदळीला ओली माती आहे," ती म्हणाली.

"असेल."

"आज?"

थोंगदीने मान वर केली. आजचा दिवस मधला. जुनं वर्ष काल संपलं, नवं उद्या लागणार, आणि आजचा दिवस दोघांपैकी कुणाचाच नाही. या दिवशी गावात कोणी जमिनीला लोखंड लावत नाही. इतरांचं सोडा, बुनथानकाकांनी सकाळी थोंगदीला गळासाठी चार गांडुळंसुद्धा उकरू दिली नव्हती. "जमीन झोपलीय, उठवू नकोस," असं म्हणाले होते.

"स्वतः मात्र उठवली," थोंगदी म्हणाला. "चला, बघू या."

काकांच्या केळींच्या मागे माती नुकतीच उकरलेली होती. वर मोठाले दगड मांडले होते आणि दगडांवर चुना टाकलेला होता.

"बाटल्या पुरल्या असतील," थोंगदी म्हणाला. "काकूपासून लपवायला."

"बाटल्यांवर चुना कोण टाकतं?" लात्सामी म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं. "डाम कुठे आहे?"

डाम म्हणजे काकांचं कुत्र्याचं काळं पिल्लू. एरवी कुणी अंगणात पाय टाकला की ते पहिल्यांदा पायात यायचं. आज अंगण गप्प होतं.

काका जिन्याखाली एकटेच बसले होते. सणाच्या दिवशी, जेव्हा गावातला प्रत्येक माणूस ओला होऊन गात होता, तेव्हा काका कोरडे होते. हेच मुळात संशयास्पद होतं.

"डाम मेहुण्याकडे दिला," विचारायच्या आधीच ते म्हणाले.

"मग केळीखाली कोण झोपलंय, काका?" लात्सामीने हळू विचारलं.

काकांनी हातातली काडी मोडली. मग सगळं सांगून टाकलं. पिल्लू काल दिवसभर पाण्याला तोंड लावत नव्हतं. लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता, बांबूच्या कुंपणाला चावत सुटलं होतं. आज पहाटे गेलं.

"सणात कुणाला सांगू? बोभाटा झाला असता. मावशीचे पाहुणे पळाले असते. गावातल्या कुत्र्यांवर काठ्या पडल्या असत्या. म्हटलं, सगळ्यांचंच भलं."

"पण ते विटकॉम्बआजोबांना चावलं होतं," नोय म्हणाली.



परवाचीच गोष्ट. पिल्लाने आजोबांचा अंगठा धरला, चांगलं रक्त आलं. आजोबाच हसले होते. "पोस्टमनचा हात आहे, कुत्र्यांना आवडतोच," म्हणाले, आणि रुमाल गुंडाळला. त्यांच्या देशात कुत्रं चावलं तर माणूस पँट फाटल्याचं दुःख करतो, बाकी काही नाही. इकडे मोठ्या माणसांनी त्यांना बसवून मनगटाला पांढरा दोरा बांधला, घाबरून पळालेला जीव परत यावा म्हणून, आणि विषय मिटवला. दोऱ्याचं काम दोऱ्याने केलं. सुईचं काम राहून गेलं.

"पिसाळलेलं होतं ते," लात्सामी म्हणाली. "बाईंनी शिकवलंय. एकदा रोग दिसायला लागला की औषध नाही. त्याच्या आधी इंजेक्शन घेतलं तर माणूस वाचतो. वरच्या पाड्यांवर गेले तर..."

तेवढ्यात नदीवरून इंजिनाचा आवाज आला.

"नाव सुटतेय," काका उठत म्हणाले. "नावाडी खामफेत कुणासाठी थांबत नाही. तालुक्याच्या साहेबासाठीसुद्धा थांबला नव्हता."

"काका, तुम्ही मावशीला गाठा. देवळात आहे. गाडी काढायला सांगा," लात्सामी म्हणाली, आणि तिघं धावली.

रस्त्यात दर दहा पावलांवर कोणीतरी बादली घेऊन उभं होतं. तिघं धक्क्यावर पोचली तेव्हा त्यांच्या अंगावर अर्ध्या गावाचं पाणी होतं. नावेचा दोर सुटला होता. खामफेतआजोबा सुकाणूवर बसले होते.

"आजोबा, थांबा," थोंगदी ओरडला.

"नाव पोरांसाठी नाही," खामफेतआजोबा म्हणाले आणि इंजिन वाढवलं.

नोयने धक्क्यावर वडीलधाऱ्यांच्या हातांवर ओतायला ठेवलेला झेंडूच्या पाण्याचा वाडगा उचलला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि नावेच्या काठाशी जाऊन वाकली.

"आजोबा, वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

खामफेतआजोबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तालुक्याच्या साहेबाला टाळता येतं. पण नववर्षाला लेकरू पाणी घेऊन माफी मागायला आलं, तर त्याला पाठ दाखवणारा म्हातारा गावात अजून जन्मला नव्हता. त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात पुढे केले. नोयने पाणी ओतलं. आता आशीर्वाद देणं आलं, आणि खामफेतआजोबांचा आशीर्वाद कधीच आखूड नसे. आयुष्य झालं, तब्येत झाली, भाताचं पीक झालं, म्हशी झाल्या. तोवर थोंगदीने धक्क्यावरची सगळी पोरं खुणेने बोलावून तिच्यामागे रांगेत उभी केली होती.

"एवढ्या सगळ्यांचं चुकलं?" खामफेतआजोबांनी विचारलं.

"फार चुकलं, आजोबा," थोंगदी म्हणाला.

लात्सामी एव्हाना नावेत चढली होती. विटकॉम्बआजोबांनी तिचं इंग्रजीतलं सगळं म्हणणं ऐकलं आणि ते कसनुसं हसले.

"फार आभारी आहे, बाळ. पण उगाच गडबड नको. एवढे लोक माझ्यामुळे खोळंबतील."

लात्सामीला कळेना, याला काय म्हणावं. हा माणूस मरायला भीत नव्हता, लोकांना खोळंबवायला भीत होता.

"तुमच्याकडे कुत्रं चावल्यावर काय घेतात?"

"चहा."

"आमच्याकडे इंजेक्शन घेतात. आजोबा, ते पिल्लू मेलंय. पहाटे. पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं त्याला."

विटकॉम्बआजोबांनी अंगठ्याकडे पाहिलं. हसू गेलं. "निघायच्या आधी हे सगळं वाचलं होतं मी," ते हळूच म्हणाले. "कुत्र्यांपासून दूर राहा, चावलं तर लगेच दवाखाना. मला वाटलं, ते तरुण मुलांसाठी असतं."

ते उठले. नावेतल्या प्रत्येक प्रवाशाची वेगवेगळी माफी मागून मगच खाली उतरले. काय झालं ते खामफेतआजोबांना कळलं, तेव्हा त्यांनी स्वतः विटकॉम्बआजोबांची बॅग धक्क्यावर आणून ठेवली. मावशीची गाडी येईपर्यंत लात्सामीने आजोबांना नळाखाली हात धरायला लावून साबणाने अंगठा धुतला, धुतला आणि पुन्हा धुतला.

गाडीत बुनथानकाकाही होते. "पिल्लाचं डॉक्टरांना मीच सांगतो," एवढंच ते म्हणाले.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "एक इंजेक्शन आत्ता. जखमेत द्यायचं औषध संध्याकाळपर्यंत मोठ्या शहरातून मागवते. पुढचे डोस चुकवायचे नाहीत." मग त्यांनी वर पाहिलं. "पिल्लाच्या तोंडाशी आणखी कुणाचा हात गेला होता?"

काका जमिनीकडे बघत होते.

"काका?" लात्सामी म्हणाली.

"भाताची पेज पाजत होतो त्याला," काका म्हणाले. "जबडा उघडून. उपाशी कसं ठेवणार? दात लागला जरासा." त्यांनी मूठ उघडली. बोटावर लालसर चीर होती. "मला सुईची भीती वाटते."

विटकॉम्बआजोबांना एक शब्दही कळला नव्हता, पण चीर दिसली. ते बाकावर सरकले, काकांना शेजारी बसवलं आणि स्वतःची बाही वर केली. "आधी मी," ते इंग्रजीत म्हणाले. ते मात्र काकांना भाषांतराशिवाय कळलं. आजोबांना सुई टोचली, त्यांनी भुवईही हलवली नाही. मग काकांनी डोळे मिटले आणि आजोबांचा हात जो धरला, तो सुई निघाल्यावरही सोडला नाही.

नोय दारातून बघत होती. "दुखलं का, काका?"

"नाही."

"मग हात का धरलाय?"

"त्यांना दुखत असेल म्हणून," काका म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. "पोरी, तुम्ही त्यांच्यासाठी धावलात. वाचलो मीही."

बाहेर मावशी डॉक्टरबाईंशी बोलून आली. परवापासून गावातल्या एकूण एक कुत्र्याला लस टोचायची ठरली होती. काठ्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. स्तुती करायची तिला फारशी सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"त्या दिवशी दोरा बांधायला आम्ही अकरा मोठी माणसं बसलो होतो," ती म्हणाली. "एकाच्याही डोक्यात दवाखाना आला नाही. तुमच्या आला." तिने नोयचे ओले केस पुसायला खांद्यावरचं पदरासारखं फडकं काढलं. "आज घरी दोन माणसं धडधाकट परत चाललीत. मी तुमची ऋणी आहे. आता बोला, काय खाणार?"

विटकॉम्बआजोबा बाहेर आले. मागोमाग काका. आजोबा मुलांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले आणि खूप खाली वाकले. गावात इतकं खाली फक्त सगळ्यात म्हाताऱ्या भिक्षूंसमोर वाकतात.

नोयने एवढ्या पाण्यानंतरही ब्रशच्या रंगाने निळेच राहिलेले हात जोडले आणि तितकीच खाली वाकली.