माकणीची बेपत्ता घोरपड

नागपंचमीच्या सकाळी श्रीपती लोहाऱ्यात हरणाबाई सरवद्यांच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात एक कुलूप होतं. कुलूप शाबूत होतं, आणि त्याचाच त्यानं धसका घेतला होता.

"घोरपड गेली, बाई," तो म्हणाला. "कुलूप हाय, जाळी हाय, घोरपड न्हाय."

शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर हरणाबाईंनी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली होती. आजवर त्यांनी दोन म्हशी आणि एक नवरदेव शोधून दिला होता. मदतनीस हरिबा त्यांची जीप चालवायचा आणि निष्कर्ष नेहमी त्यांच्याआधी काढायचा.

वाटेत श्रीपतीनं सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात माकणीच्या माळावरच्या घोरपडी गावानं खाऊन संपवल्या. खाणाऱ्यांत तोही होता. चौदा वर्षांनी, यंदा, माळावर एक जोडी दिसली. त्यानं वनखात्याची परवानगी काढली, एका वारुळाभोवती भिंत घातली, वरून जाळी टाकली आणि जोडी आत ठेवली. मादी पोटुशी होती. आज चार वाजता साहेब पाहायला येणार होते. मादी दिसली नाही तर परवानगी रद्द, आणि माळ दूध सोसायटीला. परवा आणि काल तो याच कामासाठी उस्मानाबादला होता. किल्ली सोसायटीतल्या खुंटीला होती. सांजच्याला परतला, तर आत एकटा नर.

"घोरपड गड चढती, तिला भिंतीचं काय," हरिबा म्हणाला.

"वर जाळी आहे, हरिबा."

हरिबाला ते पटलं नव्हतं.

कुंपणाच्या आत छातीएवढं वारूळ उभं होतं, सगळीकडून गुळगुळीत. एकाच जागी काळ्या मुंग्यांची झुंबड होती. हरणाबाईंनी तिथं नाक नेलं आणि हरिबालाही वास घ्यायला लावला.

"आंबट हाय," तो म्हणाला.

"तुझा शर्ट नव्हे ना?"

"असंल बी. आमच्याकडं टँकर आला न्हाय."

माकणीतही चार दिवस टँकर आला नव्हता.

सोसायटीचे चेअरमन आबाराव यांना माळावर दुधाचं शीतकरण केंद्र हवं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण काल दुधाचा ट्रकच आला नाही, ऐंशी लिटर दूध नासलं, आणि घागर घेऊन येईल त्याला ते फुकट वाटण्यात त्यांचा दिवस गेला होता.

गुडघेदुखीवर घोरपडीचं तेल विकणारा कोंडीराम दुखावला. परवा सांजच्याला आपण तिला जाळीतून पाहिलं, ती नखांनी खणत होती, असं तो म्हणाला. पोटुशीला हात लावायचा नाही, हे त्याचा बाप सांगून गेला होता. "आन् खरं सांगू का? बाटलीत करडीचं तेल असतंय."

धुरपदाबाईच्या कोंबड्यांची अंडी घोरपडींनी पळवली होती. ती पूजेची तयारी करत होती. "म्या तिला भाईर काढली न्हाय," ती म्हणाली. "पंचमीच्या दिशी खोटं बोलंन का?" आज माती उकरायची नाही, काही चिरायचं नाही, म्हणून तिनं सगळी कामं कालच उरकली होती.

हरिबाच्या मते तिघंही चोर होते.

तीन वाजता बायका ताटं घेऊन आल्या. हरणाबाईंनी सगळ्यांना वारुळापाशी बोलावलं.

"सगळे विचारतायत, बाहेर कुणी काढली. कुणीच काढली नाही. परवा ती खणत होती. अंडी घालायला घोरपड वारूळ फोडून आत शिरते. मग हे गुळगुळीत कसं? कुणीतरी लिंपलं. चार दिवस पाणी नाही, तर माती कालवली कशात? वास घ्या, मुंग्या बघा. नासलेल्या दुधात. दूध नासलं काल, सोसायटीत, आणि कुंपणाची किल्लीही तिथंच खुंटीला होती. आणि फुटलेलं वारूळ पुजायचं नसतं, पंचमीला मातीला हात लावायचा नसतो, म्हणून सगळी कामं कालच कुणी उरकली?"

सगळ्यांनी धुरपदाबाईकडं पाहिलं.

"नागाचं घर पडलं हुतं, म्या लिंपलं," ती म्हणाली. "काय चुकलं?"

"आत कोण आहे ते पाहिलंत?"

"देवाच्या घरात डोकावत असत्यात व्हय?"

श्रीपतीनं कुदळ आणली. धुरपदाबाई आडवी आली. पंचमीला कुदळ चालणार नाही, यावर सगळ्या बायकांचं एकमत होतं. साडेतीन वाजले होते.

"उकरू नका," हरणाबाई म्हणाल्या. "पूजा करा. मात्र सगळं दूध या मुंग्यांच्या जागेवर ओता."

बायकांनी वाट्या रिकाम्या केल्या. पुरेना, तेव्हा आबारावांनी स्वतः कॅन आणला. लिंपण मऊ पडलं. आतून खरवडल्याचा आवाज आला, मग एक नखांचा पंजा दिसला, मग दुधानं माखलेलं तोंड. हरिबा भिंतीवर होता.

"चढला गड," कोंडीराम म्हणाला.

साहेब आले तेव्हा डोक्यावर हळद-कुंकू आणि लाह्या घेऊन घोरपड उन्हात पडली होती. श्रीपती तिचं पोट पाहत होता. ते सपाट झालं होतं. तो हरणाबाईंकडं वळला. "घातली, बाई. आत घातली."

साहेबांना अंडी मोजायची होती. वारूळ खणू या, ते म्हणाले.

"पुजलंय ते," धुरपदाबाई म्हणाली. "पिल्लं आपल्या पायानं भाईर येत्याल, तवा मोजा. तवर हितं कुदळ दिसली तर गाठ माझ्याशी हाय."

साहेबांनी वहीत 'मादी हजर' एवढंच लिहिलं आणि परवानगीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई ओली माती घेऊन भोक बुजवायला आली. बुजवण्याआधी तिनं इकडंतिकडं पाहिलं, आणि वाकून आत डोकावली.