सुलतानची गूळतुला

"तुझं वजन किती हाय रे?"

हा प्रश्न मी लखनला विचारावा म्हणून सायलीनं पैज लावली होती. डिसेंबरातला शनिवार होता, सकाळची शाळा नुकतीच सुटलेली. आमच्या तेलगावात शाळेच्या फाटकासमोरच कापूस खरेदीचा वजनकाटा आहे. त्या काट्यावर आमच्याच अकरावीतला लखन कुत्र्याचं एक काळं पिल्लू छातीशी धरून उभा होता. एवढा गंभीर, की गाभाऱ्यात उभा असावा.

सायली म्हणाली, जा. रोहिणी म्हणाली, ही कशाची जातीय. रोहिणीचं खरं होतं. शाळेत आरोग्य तपासणीचा काटा आला की माझं पोट दुखायचं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पाचवीपासून मला पोरं कणगी म्हणत. पण या वर्षी मी भाषणात जिल्ह्यातून दुसरी आले होते, दोन वेण्यांची एक केली होती, आणि इथून पुढं कुणाला भ्यायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून गेले.

लखननं आधी काट्यावरचा आकडा वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

"एकट्याचं सांगू का पिल्लासकट?"

मला हसू आणायचं होतं, ते आलंच नाही. "...दोन्ही."

"पिल्लासकट चौसष्ट. धर जरा." त्यानं पिल्लू माझ्या हातात दिलं आणि एकटाच काट्यावर चढला. "एकट्याचं बावन्न. वजाबाकी तू कर."

बारा. ते बारा किलो माझ्या ओढणीत नाक खुपसून बसले होते, अंगाला मेंढरांचा आणि उन्हाचा वास. लखननं वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहिला. मग पिल्लू परत घेताना, खाली बघतच विचारलं, "आन तुझं?"

मी पळाले. पैज जिंकून पळणारी मी पहिलीच असेन. सोमवारी वर्गात त्यानं माझ्याकडं बघून स्वतःच्या कानामागं बोट लावलं. मी तिथं हात लावला, तर केसात कापसाचा पुंजका — तिसऱ्या तासापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं लक्ष फळ्यावर कमी आणि शेवटच्या बाकाकडं जास्त.

लखन धनगराचा. त्याचे आजोबा सटवाबाबा यांची मेंढरं त्या हंगामात आमच्याच रानात बसायला होती, खतासाठी. पिल्लाचं नाव कोळशा. पुढं कळपाची राखण त्याच्यावर येणार होती, म्हणून लखन दर शनिवारी त्याचं वजन करायचा. मोठ्या हाडाचं पिल्लू भरभर वाढलं की बिघडतं, असं तो म्हणायचा.

हे मला झोंबायचं, कारण आमच्या घरीही एक पिल्लू होतं. सुलतान. पप्पांनी पुण्याहून आणलेला जर्मन शेफर्ड, कोळशाच्याच वयाचा, चार महिन्यांचा. त्याला सकाळी म्हशीचं दूध, दुपारी तूप चोळलेली भाकरी, संध्याकाळी सहा अंडी. वर गुळाचा खडा, आणि म्हशींना देतात ती कॅल्शियमची बाटली, झाकण भरून. पप्पांनी घोषणाच केली होती. गेल्या वर्षी त्यांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी त्यांची गूळतुला केली होती. या फेब्रुवारीत सुलतानची करायची, भरचौकात, आणि पारड्यातला गूळ गावात वाटायचा. पस्तीस किलोचा करून दाखवतो, असा त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. मग घरात जो येई तो सुलतानला काहीतरी भरवून जाई. आई म्हणायची, लेकरानं कसं बाळसं धरलंय बघा. आम्हाला सगळ्यांना ते प्रेमच वाटत होतं. मलाही.

जानेवारीत मी सुलतानला मिरवत रानात घेऊन गेले. खरं सांगायचं तर लखनला दाखवायला. त्यानं कौतुक केलं नाही. तो खाली बसला आणि बराच वेळ सुलतानची चाल बघत राहिला. मग म्हणाला, ह्याचे पुढचे पाय बाहेर फाकायलेत, मागचं कंबरडं डुलायलंय, ह्याला खायला कमी करा.

मला राग आला. मी म्हणाले, तुमच्याकडं कुत्री उपाशी ठेवतात म्हणून आमची पण ठेवायची का?

लखन उठला. कोळशाला उचलून मेंढरांकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

आठव्या दिवशी सकाळी सुलतान उठला नाही. शेपूट हलवत होता, डोळे माझ्यावर, पण उठायचं म्हटलं की पुढचे पाय थरथरायचे आणि तो कण्हत परत बसायचा. मी दप्तर तसंच टाकलं आणि रानात पळाले. वाटेत उसाचं पाचट पायाला कापत होतं, तेही नंतर कळलं.

लखन वाघूर गुंडाळत होता, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मी सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी त्या दिवशी वाईट बोलले."

"बोललीस." त्यानं जाळी खाली ठेवली. "हात आण."

माझा हात त्यानं धरला नाही. कोळशाच्या बरगड्यांवर आधी स्वतःचा तळवा ठेवला, मग काढून घेतला आणि ती जागा मला दिली. केसांखाली एकेक बरगडी बोटाला लागत होती, वर पातळ मऊ थर.

"डोळ्याला दिसू नये, पण हाताला लागावी," तो म्हणाला. "वरून बघितलं तर कंबर आत गेलेली पायजे. आता घरी जाऊन सुलतानची बघ."

त्याच्या तळव्याची ऊब अजून त्या केसांत होती. मला तेवढ्या काळजीतही ती कळली, आणि स्वतःची लाज वाटली.

सुलतानची एकही बरगडी लागली नाही.

पप्पांच्या जीपमधून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी पाय दाबून बघितले, सोबत नेलेली कॅल्शियमची बाटली वाचली आणि बाजूला ठेवली. त्या पप्पांना म्हणाल्या, दादा, ह्याची जात मोठी, हाडं वर्षभर कच्ची. मांस पुढं पळालं, हाडं मागं राहिली. हे कॅल्शियम तर बंदच करा. एवढ्या लहान जिवाला जास्तीचं बाहेर टाकता येत नाही, ते हाडातच घोटाळा करतं. मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं, तेही मोजून. जिने, उड्या बंद. दर आठवड्याला वजन. वेळेत आलात, पाय सुधारतील, पण आता एकेक आठवडा महत्त्वाचा.

पप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, गूळतुला होऊ द्या मॅडम, तीन आठवडे राहिलेत, मग करू. शब्द दिलाय गावाला.

मॅडम म्हणाल्या, हाडांना तुमची तारीख माहीत नाही.

घरी मी मोजून खायला घालायचे आणि पाठ फिरली की कुणीतरी वाटीभर तूप ओतायचं. शनिवार आला. वजन तर करायलाच हवं होतं. लखन काट्यापाशी थांबला होता. सुलतान एकटा काट्यावर बसेना, लखनकडं जाईना. माझ्याच गळ्यात पडायचा. म्हणजे आधी मी त्याला उचलून उभं राहायचं, मग एकटीनं. लखनला ते माझ्याआधी कळलं. तो म्हणाला, पायजे तर मी तोंड फिरवतो, तू मनातच वजाबाकी कर आन मला फक्त सुलतानचं सांग.

मी सुलतानला उचललं. अठ्ठ्याऐंशी. त्याला खाली ठेवलं. कापसाच्या गाड्यांवरची माणसं बघत होती, फाटकाशी सायली आणि रोहिणी होत्या. मी एकटीच काट्यावर उभी राहिले.

"तोंड फिरवू नको," मी म्हणाले. "एकसष्ट. लिही."

आई सोडून जगात कुणाला मी तो आकडा सांगितला नव्हता.

लखननं लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. "सत्तावीस सुलतान," तो म्हणाला. मग पेनचं टोपण लावत हळूच, "एवढं दडवलंस कावून? वजन म्हंजी नुसती नोंद असती. लाज कशाची?"

"...तुला हसू नाही आलं?"

"त्या दिवशी पैजेवर आलीस तवा आलतं. घरी गेल्यावर. लई वेळ."

त्याचे कान लाल झाले होते, आणि तो उगाच सुलतानचा पट्टा नीट करत होता.

दोन दिवसांनी कळलं, आमच्या रानातलं बसणं संपलं. सटवाबाबांचा गुडघा धरला होता, म्हणून मेंढरांमागं लखनला जावं लागणार होतं, घाटनांदूरकडं. परीक्षेला येईन म्हणाला. निघायच्या सकाळी धुक्यात घंटा वाजत होत्या, घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, कोळशा पुढं पुढं. लखननं ती वही मला दिली. सुलतानचं पान मी भरायचं.

"परीक्षेनंतर?" मी विचारलं. "परत कधी?"

त्यानं कोळशाकडं बघितलं. "हा वीस किलोचा झाला की."

"मग त्याला रोज तूप घाल. लवकर होईल."

"न्हाई." आता तो कोळशाकडं बघत नव्हता. "सावकाशच वाढू दे, मोहिनी. टिकायचं असलं तर सावकाशच."

तो वळला तेव्हा मी हसत होते, आणि धुकं डोळ्यांत गेलं होतं असं मी सायलीला नंतर सांगितलं.

रानातून घरी आले तर अंगणात फ्लेक्स उलगडलेला. सुलतानचा फोटो, गळ्यात हार, 'भव्य गूळतुला'. पप्पा चहा पीत ओळी वाचत होते. आई सुलतानसमोर तुपाची भाकरी कुस्करत होती, आणि तो बसल्या जागेवरून मान उंच करून बघत होता. उठत नव्हता.

मी आईच्या हातातून ताटली घेतली आणि कोनाड्यात ठेवली. तिचा हात धरून सुलतानच्या अंगावर ठेवला. म्हणाले, बरगडी शोध. आईनं शोधली. दोनदा शोधली. मग तिनं पप्पांकडं बघितलं आणि तिचा चेहरा बदलला.

"मोहिनी, शब्द गेलाय बाहेर," पप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनाही ते थरथरणारे पाय दिसत होते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

मी लखनची वही उघडली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली. सुलतान सत्तावीस. त्याच्या वर, लखनच्या अक्षरात, एकटी एकसष्ट.

"शब्द मोडायचा नाही, पप्पा. चौकात पारडं लागेल, गूळ वाटला जाईल. तुम्ही पस्तीस किलो म्हणाला होता, गावाला एकसष्ट किलो मिळेल. सुलतान घरीच राहील आणि आजपासून मोजून खाईल. त्या दिवशी पारड्यात मी बसणार आहे."